समुद्र का खवळतो, नाव केव्हा लोटावी आणि तिफण केव्हा जुंपावी



जून महिना लागला की आपले कान आकाशवाणीच्या हवामान वृत्ताकडे लागतात. ‘कोकण किनाऱ्यावर ताशी ४५ ते ५५ कि.मी. वेगाने वारे वाहण्याची शक्यता आहे. समुद्र खवळलेला राहील. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये,’ असे निवेदक सांगतो. अकोला-अमरावतीकडील शेतकरी हे वाक्य ऐकून सोडून देतो आणि ‘विदर्भात तुरळक ठिकाणी’ हे शब्द केव्हा येतात त्याची वाट पाहतो. त्याचे तसे करणे स्वाभाविक आहे. अकोल्याहून मुंबई रेल्वेने पावणेसहाशे कि.मी.च्या वर आहे. आपल्यापैकी अनेकांनी समुद्र पाहिलेलाही नसेल.

परंतु मच्छीमारांना दिलेली ही सूचना अर्धी आपल्यासाठीही असते. जो वारा समुद्र खवळवतो तोच वारा पावसाचे पाणी घेऊन येतो. कोकणातील तांडेल आणि वऱ्हाडातील शेतकरी या दोघांपुढे प्रश्नही एकच असतो. तांडेलाला दोन दिवसांची उघडीप दिसते. ती खरी की फसवी? शेतकऱ्याला मृगाच्या तोंडावर एक जोराची सर मिळते. ती खरी की फसवी? तांडेल चुकला तर नाव जाते. शेतकरी चुकला तर पेरलेले बियाणे जाते आणि दुबार पेरणीचे कर्ज डोक्यावर बसते. समुद्र का खवळतो, दर्यावर्दी लोक नाव केव्हा लोटतात आणि त्यातून आपण पेरणीसाठी काय शिकावे, हे या लेखात पाहू.

लाट म्हणजे काय?

गव्हाचे पीक ओंबीवर आले असताना बांधावर उभे राहून पाहावे. वाऱ्याची झुळूक आली की शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाट धावत गेल्यासारखी दिसते. गव्हाचे ताट मात्र आपल्या जागेवरच राहते. ते फक्त वाकते आणि पुन्हा उभे होते. समुद्राच्या लाटेचेही असेच आहे. पाणी जवळजवळ जागच्या जागी वरखाली गोल फिरते आणि वाऱ्याने दिलेली शक्ती तेवढी पुढे जाते.

ही लाट किती मोठी होणार, हे तीन गोष्टींवर ठरते.

१) वाऱ्याचा वेग : वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो.

२) वारा किती वेळ वाहतो : तासाभराच्या वावटळीने मोठी लाट तयार होत नाही. दिवसेंदिवस एकाच दिशेने वाहणारा वारा ती तयार करतो.

३) वाऱ्याला मिळणारा मोकळा पल्ला : शेततळ्यावर जोराचा वारा आला तरी पाण्यावर नुसते शहारे उठतात. तोच वारा महानच्या काटेपूर्णा धरणावर किंवा मोर्शीजवळच्या ऊर्ध्व वर्धा धरणावर लाटा उठवतो आणि लहान होडीला हेलकावे देतो. समुद्रावर याच वाऱ्याला हजारो कि.मी.चा पल्ला मिळतो. मध्ये ना झाड, ना टेकडी. म्हणून लाट पुरुषभर उंचीची होते.

लाटेची उंची दुप्पट झाली की तिच्यातील शक्ती चौपट होते, हेही ध्यानात ठेवावे. एक मीटरच्या लाटेत जी होडी सहज चालते, ती तीन मीटरच्या लाटेत टिकत नाही. तीन मीटरच्या लाटेत शक्ती तिपटीने नव्हे तर नऊपटीने वाढलेली असते.

शेतातील खुणा आणि समुद्रावरील लाट

इंग्रज नौदलातील अधिकारी फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ साली वाऱ्याच्या जोराची एक मोजपट्टी तयार केली. उपकरण नसतानाही नुसते डोळ्यांनी पाहून वारा ओळखता यावा, हा तिचा हेतू होता. ही पट्टी आजही वापरात आहे. आपल्या शेतातील खुणांवरून समुद्रावर काय चालले असेल त्याचा अंदाज खालीलप्रमाणे करता येतो.

– पाने व बारीक डहाळ्या सतत हलतात : ताशी १३ ते १९ कि.मी. मोकळ्या समुद्रावर लाट सुमारे अर्धा ते पाऊण मीटर. होडीला धोका नाही.

– धूळ व कागद उडतात, लहान फांद्या हलतात : ताशी २० ते २८ कि.मी. लाट सुमारे एक मीटर. लहान होडीने सावध राहावे.

– मोठ्या फांद्या हलतात, छत्री धरणे कठीण जाते : ताशी ३९ ते ४९ कि.मी. लाट सुमारे तीन मीटर. लहान नावेने किनारा सोडू नये.

– डहाळ्या मोडून पडतात, वाऱ्यासमोर चालणे कठीण होते : ताशी ६२ ते ७४ कि.मी. लाट पाच मीटरच्या वर. मोठ्या जहाजांनीही सावध राहावे.

लाटांची ही उंची वारा बराच वेळ वाहत राहिला तर येते. यावरून हवामान खाते ताशी ४५ कि.मी.च्या आसपास वारा जाऊ लागला की मच्छीमारांना इशारा का देते आणि बंदरावर तीन नंबरचा बावटा का चढतो, हे लक्षात येईल.

काही समुद्र इतरांपेक्षा उग्र का?

जगातील सर्वांत उग्र समुद्र दक्षिण गोलार्धात ४० ते ६० अक्षांशांच्या पट्ट्यात आहे. तेथे पृथ्वीभोवती जवळजवळ अखंड पाणी आहे आणि पश्चिमेचे वारे वर्षभर वाहतात. वाऱ्याला अडवणारी जमीन नसल्यामुळे लाटांची वाढ थांबत नाही. खलाशांनी या पट्ट्यातील चाळिशीच्या अक्षांशांना ‘गर्जणारे चाळीस’ असे नाव दिले आहे. तेथील लाटा हजारो कि.मी. प्रवास करून आपल्या केरळच्या किनाऱ्यापर्यंत येतात. वारा पडलेला, आकाश निरभ्र, तरीही एप्रिल-मे महिन्यांत पाणी एकाएकी घरांत शिरते. केरळातील कोळी त्याला ‘कल्लक्कडल’ म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र म्हणतात. म्हणजे आपल्या गावात वारा नाही म्हणून समुद्र शांत असेल, असे धरून चालत नाही.

उत्तर अटलांटिक महासागर हिवाळ्यात उग्र असतो व उन्हाळ्यात निवळतो. भूमध्य समुद्रात रोमन लोक नोव्हेंबर ते मार्च या काळात शक्यतो गलबते हाकीत नसत. आफ्रिकेच्या दक्षिण टोकापाशी आणखी एक कारण घडते. तेथे समुद्रातील प्रवाह एका दिशेने जोरात वाहतो आणि लाटा त्याच्या विरुद्ध दिशेने येतात. समोरासमोर आल्यावर लाटा जवळजवळ येतात, उंच होतात व भिंतीसारख्या उभ्या राहतात.

असाच प्रकार लहान प्रमाणात कोकणातील प्रत्येक खाडीच्या मुखाशी घडतो. ओहोटीचे पाणी बाहेर जात असते, समुद्राच्या लाटा आत येत असतात आणि मुखाशी वाळू साचून पाणी उथळ झालेले असते. उथळ पाण्यात लाटेचा तळ जमिनीला घासतो, लाटेचे पाय मागे राहतात व डोके पुढे पडते. म्हणून अनेक होड्या भर समुद्रात नव्हे, तर घर दिसू लागल्यावर खाडीच्या तोंडाशी उलटतात.

अरबी समुद्राचे वार्षिक वेळापत्रक

आपला अरबी समुद्र वर्षातील बहुतेक महिने गरीब गाईसारखा असतो. पावसाळ्याच्या तीन महिन्यांत मात्र तो जगातील उग्र समुद्रांत गणला जातो. उन्हाळ्यात राजस्थान व सिंध-पंजाबकडील जमीन तापते आणि तेथे हवेचा दाब कमी होतो. त्याच वेळी दक्षिण हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेस जास्त दाब असतो. हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे निघते. ती विषुववृत्त ओलांडते, आफ्रिकेच्या पूर्वेकडील डोंगरांना घासून सोमालियाच्या किनाऱ्याने वळते आणि अरबी समुद्रावरून सरळ आपल्याकडे येते. जमिनीपासून एक ते दीड कि.मी. उंचीवर या वाऱ्याचा जोर सर्वांत जास्त असतो. फिंडलेटर या हवामानशास्त्रज्ञाने १९६९ साली या प्रवाहाचे सविस्तर वर्णन केले.

वेग, कालावधी आणि पल्ला या तिन्ही गोष्टी येथे एकत्र येतात. त्यामुळे जुलै महिन्यात कोकणाजवळ लाटा अडीच ते चार मीटरपर्यंत उठतात. डिसेंबर-जानेवारीत त्याच ठिकाणी त्या एक मीटरहून कमी असतात. दर्यावर्दी लोकांचे वर्ष साधारणपणे असे असते :

– नोव्हेंबर ते फेब्रुवारी : ईशान्येचा, जमिनीवरून येणारा हलका वारा. नौकानयनास सर्वांत चांगला काळ. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बांधकामाचा मुहूर्त २५ नोव्हेंबर १६६४ रोजी झाला, तोही याच काळात.

– मार्च ते मेचा मध्य : सकाळी समुद्र शांत, दुपारनंतर खाऱ्या वाऱ्याने उसळलेला. शिडाच्या होड्या पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर जात व दुपारी खाऱ्या वाऱ्यावर परत येत.

– मेचा उत्तरार्ध ते जूनचा मध्य : सर्वांत फसवा काळ. चार दिवस शांत जातात आणि एकाएकी वादळ येते. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ व ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेले ‘निसर्ग’ ही चक्रीवादळे याच काळातील.

– जूनचा मध्य ते ऑगस्टचा मध्य : समुद्र बंद. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारीबंदी असते. माशांच्या प्रजननाचा काळही हाच आहे.

– ऑगस्टचा उत्तरार्ध व सप्टेंबर : वाऱ्याचा जोर ओसरतो. श्रावणात नारळी पौर्णिमेला कोळी बांधव दर्याला नारळ अर्पण करून नावा लोटतात.

– ऑक्टोबर व नोव्हेंबरचा पूर्वार्ध : समुद्र बहुधा शांत, परंतु चक्रीवादळाची शक्यता. बातम्या ऐकूनच निघावे.

बंगालच्या उपसागराचा स्वभाव थोडा वेगळा आहे. मोठी चक्रीवादळे तेथे ऑक्टोबर ते डिसेंबर आणि एप्रिल-मेमध्ये होतात. पावसाळ्यात तेथे लहान-मोठी कमी दाबाची क्षेत्रे एकामागून एक तयार होतात. वऱ्हाडाच्या दृष्टीने ही क्षेत्रे फार महत्त्वाची आहेत. त्यांच्याकडे आपण पुढे वळणार आहोत.

‘मोसम’ हा शब्द खलाशांचा

आपण मोसमी पाऊस, मोसमी वारे असे शब्द वापरतो. यातील ‘मोसम’ हा शब्द अरबी ‘मौसिम’पासून आला. मौसिम म्हणजे ठरलेली वेळ, हंगाम. अरब खलाशांसाठी तो गलबते हाकण्याचा हंगाम होता. शेतकऱ्याच्या तोंडी असलेला हा शब्द मुळात समुद्रावरून आलेला आहे. मोसंबी हे नावही आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील मोझांबिकवरून पडले असे मानतात.

सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी इजिप्तमधील व्यापारी जुलै महिन्याच्या सुमारास निघत आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर अरबी समुद्र पार करीत. निघण्याची वेळ अशी साधलेली असे की आपल्या किनाऱ्याशी पोहोचेपर्यंत वाऱ्याचा जोर ओसरू लागावा. परतीला ते ईशान्येच्या वाऱ्याची वाट पाहत. भडोच, सोपारा व कल्याण ही बंदरे त्या काळच्या ग्रीक प्रवासग्रंथात नोंदलेली आहेत. पैठण व तेर येथील माल गाड्यांवरून भडोचच्या बंदरात जात असल्याचेही त्यात लिहिले आहे. म्हणजे गाडीवानाचे आणि खलाशाचे वेळापत्रक तेव्हापासूनच एकमेकांत गुंतलेले होते.

वऱ्हाडच्या कापसाचेही तेच झाले. रेल्वे येण्यापूर्वी आपला कापूस बैलांच्या पाठीवर लादून पार मिर्झापूरपर्यंत जाई आणि तेथून गंगेवरील नावांतून पुढे जाई. मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना पावसाळ्यापूर्वी पोहोचण्याची घाई असे. एकदा काळी माती भिजली की चाक रुतले आणि समुद्र खवळला की माल बंदरातच अडकला. १८६७ साली रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला आणि ही अडचण बरीच कमी झाली.

घाईची किंमत

वेळ चुकल्यावर काय होते, त्याचे उदाहरण महाराष्ट्र विसरलेला नाही. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढ अमावास्येच्या दिवशी, ‘रामदास’ ही प्रवासी बोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. सणासाठी घरी जाणाऱ्या माणसांनी ती भरलेली होती. वाटेत वारा व लाटा वाढल्या. एका बाजूने पाणी आत येऊ लागताच घाबरलेले प्रवासी दुसऱ्या बाजूला धावले आणि बोट कलंडली. ६०० हून अधिक माणसे बुडाली. पल्ला अवघ्या काही तासांचा होता, किनारा फार दूर नव्हता.

हे दुःख केवळ समुद्राकाठचे नाही. १४ सप्टेंबर २०२१ रोजी अमरावती जिल्ह्यातील वरूड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटून ११ जणांचा मृत्यू झाला. आपल्या भागातही दशक्रियेला, देवदर्शनाला, पैलतीरावरच्या शेतात जाण्याला किंवा धरणात मासे धरण्यासाठी नावेत बसावे लागते. त्या वेळी खालील पथ्ये पाळावीत.

१) नदीला पूर असताना, पाणी गढूळ होऊन वाढत असताना किंवा धरणातून विसर्ग सुरू असताना नावेत बसू नये.

२) नावेच्या क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त घेऊ नये. ‘लहान मूल आहे, मांडीवर बसेल’ असे म्हणू नये.

३) नाव डोलू लागल्यास उभे राहू नये, एका बाजूला सरकू नये. जागेवर खाली बसून राहावे.

४) प्रत्येकाजवळ तरंगणारे साधन असावे. जॅकेट नसेल तर घट्ट झाकण लावलेला रिकामा डबा जवळ ठेवावा.

५) आकाशात ढग गडगडू लागल्यास नाव लोटू नये, पाण्यात असल्यास जवळचा काठ गाठावा.

दोन समुद्रांच्या मधला प्रदेश

आता वऱ्हाडाकडे वळू. अमरावती जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवावा. पश्चिमेकडील पाणी पूर्णेला मिळते, पूर्णा चांगदेवजवळ तापीला मिळते आणि तापी सुरतेपाशी अरबी समुद्रात जाते. जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वाहणाऱ्या वर्धेचे पाणी प्राणहिता व गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागरात जाते. एकाच जिल्ह्यातील दोन गावांच्या पन्हाळीचे पाणी दोन वेगळ्या समुद्रांना जाऊन मिळते.

आपला पाऊसही असाच दोन समुद्रांवर अवलंबून आहे. अरबी समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीवर चढताना आपल्या ओझ्यातील बरेचसे पाणी कोकणात व घाटमाथ्यावर टाकतो. घाट उतरून तो आपल्याकडे येतो तेव्हा बहुधा ढग आणि वारा तेवढा उरतो. जूनमध्ये दिवसभर पश्चिमेचा वारा सुटलेला असतो, काळे ढग डोक्यावरून पूर्वेकडे पळत असतात आणि खाली थेंब पडत नाही, असे आपण अनेकदा पाहिले असेल. त्याचे कारण हेच.

वऱ्हाडात पावसाची खरी झड लागते ती बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार होऊन ते ओडिशा, छत्तीसगड, मध्य प्रदेश असे पश्चिम-वायव्येला सरकू लागल्यावर. अशा क्षेत्राच्या नैर्ऋत्येकडील भागात पाऊस सर्वांत जास्त पडतो आणि आपला विदर्भ नेमका त्या भागात येतो. हे क्षेत्र ओडिशाच्या किनाऱ्यापासून आपल्यापर्यंत प्रभाव दाखवायला साधारण दोन ते चार दिवस लागतात. ते तयार झाले की अरबी समुद्रावरील वाऱ्यालाही ओढ लागते आणि कोकणचा समुद्र अधिक खवळतो.

म्हणून हवामानवृत्तातील दोन वाक्ये जोडीने ऐकावीत. एक कोकणच्या मच्छीमारांसाठीचे आणि दुसरे बंगालच्या उपसागरातील कमी दाबाचे. या जोडीवरून पुढीलप्रमाणे अर्थ लावता येतो.

अ) अरबी समुद्र खवळलेला व बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र : दोन ते चार दिवसांत आपल्याकडे चांगल्या पावसाची शक्यता. फवारणी व युरियाची मात्रा थांबवावी. शेतातील चर मोकळे करावेत. काढलेला शेतमाल झाकावा.

ब) अरबी समुद्र खवळलेला, परंतु बंगालचा उपसागर शांत : पाऊस कोकणात व घाटात. आपल्याकडे वारा आणि भुरभुर. अशा वेळी पेरणीची घाई करू नये.

क) अरबी समुद्रात चक्रीवादळ : मे-जूनमध्ये त्याच्या कडेचा एखादा जोराचा पाऊस आपल्याला मिळू शकतो. परंतु वादळ ज्या दिशेला जाते त्या दिशेला बाष्प ओढून नेते आणि मागे खंड पडू शकतो. हा पेरणीचा पाऊस नव्हे.

ड) कमी दाबाचा पट्टा हिमालयाच्या पायथ्याशी सरकलेला : आपल्याकडे उघाड. डवरणी, निंदण करून घ्यावे, पाणी असल्यास संरक्षित ओलीत द्यावे.

ही ढोबळ मार्गदर्शक तत्त्वे आहेत. प्रत्येक वेळी निसर्ग त्याबरहुकूम वागेल असे नाही. म्हणूनच शेवटचा निर्णय जमिनीतील ओल पाहूनच घ्यावा.

२०२३ सालचा धडा

जून २०२३ मध्ये अरबी समुद्रात ‘बिपरजॉय’ हे चक्रीवादळ बरेच दिवस घोंगावत राहिले आणि १५ जूनला गुजरातमध्ये जखाऊ बंदराजवळ धडकले. समुद्र भयंकर खवळला होता. परंतु त्या खवळण्यातून वऱ्हाडाला पेरणीचा पाऊस मिळाला नाही. केरळात मान्सून ८ जूनला आला आणि विदर्भात पोहोचायला २३ जूनच्या आसपासची तारीख उजाडली. मृग नक्षत्र जवळजवळ कोरडे गेले. त्याच वर्षीचा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला.

मृग तारखेला लागतो, पाऊस तारखेला लागत नाही. कोळी बांधवसुद्धा नारळी पौर्णिमेला नारळ सोडतात, परंतु तिथी चंद्रावर चालते आणि वारा सूर्यावर. पौर्णिमा लवकर आली आणि वारा ओसरला नसेल तर जाणता तांडेल पूजा करून घरी येतो आणि आणखी चार दिवस थांबतो. पूजेचा मुहूर्त पाळावा, नाव मात्र दर्या पाहून लोटावी. आपणही मृगावर तिफणीची पूजा करावी, पेरणी मात्र ओल पाहून करावी.

एक सर का पुरत नाही?

मेअखेरीस आपल्याकडे उघड्या भांड्यातील पाणी दिवसाला १० मि.मी.हून अधिक उडून जाते. काळी जमीन भेगाळलेली असते. तशात २५ मि.मी.ची सर आली तर वरची ढेकळे भिजतात, मातीचा वास सुटतो आणि मन पेरणीला धावते. त्या ओलीवर बी अंकुरते, परंतु मुळाला खाली ओल सापडत नाही. आठ दिवसांचा खंड पडला की कोंब करपतो. एकरी ३० किलोच्या आसपास सोयाबीनचे बियाणे असे एका सरीपायी मातीत जाते.

एका एकरावर एक मि.मी. पाऊस म्हणजे सुमारे ४,००० लिटर पाणी. पेरणीपूर्वी ७५ ते १०० मि.मी. पाऊस व्हावा अशी शिफारस आहे. म्हणजे आपल्या प्रत्येक एकराने तीन ते चार लाख लिटर पाणी पिऊन घेतले पाहिजे. एवढे पाणी पोटात असले की जमीन आठ-दहा दिवसांचा खंड सोसू शकते. खलाशी गोड्या पाण्याचे पिंप भरल्याशिवाय बंदर सोडत नाही. जमिनीचे पिंप भरल्याशिवाय आपणही सरत्यात दाणा सोडू नये.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१) गावात किंवा शेतात एक पर्जन्यमापक ठेवावा. ‘बक्कळ पडला’ असे न म्हणता किती मि.मी. पडला ते वहीत तारखेनुसार लिहावे.

२) एकूण ७५ ते १०० मि.मी. पाऊस झाल्यावर शेतात तीन-चार ठिकाणी टिकास मारून पाहावे. सहा ते आठ इंचांपर्यंत ओल गेलेली असल्यासच पेरणी करावी.

३) थांबण्याचा काळ वाया घालवू नये. घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण तपासावी. १०० दाण्यांपैकी ७० किंवा अधिक उगवल्यास बियाणे वापरावे. बीजप्रक्रियेचे साहित्य तयार ठेवावे.

४) सोयाबीनचे बी ३ ते ५ सें.मी. पेक्षा खोल पडू देऊ नये. शक्य असेल तेथे सरी-वरंबा किंवा रुंद वरंबा-सरी पद्धत वापरावी. ओढ बसल्यास ओल टिकते आणि झड लागल्यास पाणी निघून जाते.

५) एकाच पिकावर सर्व भिस्त ठेवू नये. सोयाबीन किंवा कपाशीत तुरीच्या ओळी असाव्यात. पाऊस फार लांबला तर मूग-उडदाचा हट्ट सोडावा.

६) वारा ताशी १५ कि.मी.हून अधिक असताना, म्हणजे झाडाची डहाळी सतत हलत असताना, फवारणी करू नये. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून तर कधीच नाही.

७) हवामानावर आधारित कृषिसल्ला दर मंगळवारी व शुक्रवारी प्रसिद्ध होतो. तो वाचावा व गावच्या फलकावर लावावा. भ्रमणध्वनीवरील ‘मेघदूत’ व विजेसाठी ‘दामिनी’ यांचा उपयोग करावा.

८) वीज कडाडू लागल्यास झाडाखाली थांबू नये, बैल झाडाला बांधू नयेत.

समारोप

कोकणातील म्हाताऱ्या तांडेलाला कोणी विचारले की खवळलेल्या समुद्रात नाव कशी हाकायची, तर तो म्हणेल, खवळलेल्या समुद्रात नाव हाकायचीच नाही. त्याची हुशारी लाटेशी झुंजण्यात कमी आणि दिवस निवडण्यात जास्त असते. जून-जुलैत तो घरी रिकामा बसत नाही. जाळी विणतो, नाव शाकारतो, लाकडाला तेल देतो आणि वारा पाहत राहतो. त्याच्या या थांबण्याला कोणी आळस म्हणत नाही.

आपल्याकडे मात्र शेजाऱ्याची तिफण चालू झाली की आपल्या जिवाला घोर लागतो. ‘तो पेरतो आणि मी राहिलो’ या एका विचाराने दरवर्षी कितीतरी बियाणे कोरड्या मातीत जाते. चार दिवस उशिरा पेरलेले पीक सहसा भरून निघते. उगवून करपलेले पीक भरून निघत नाही. यंदा रेडिओवर ‘मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये’ हे वाक्य ऐकू आले की आवाज कमी करू नये. पुढचे वाक्य ऐकावे, बंगालच्या उपसागराची खबर घ्यावी, वहीतले मि.मी. मोजावे, टिकास मारून ओल पाहावी आणि मगच तिफण जुंपावी.